वीतवाले डॉक्टर

माझा धंदा लोकांना झोपवण्याचा. बोलून झोपवतो असं घरचे म्हणतात, तो भाग वेगळा. मी औषधानं झोपवतो. भूल देणारा डॉक्टर. पेणपासून रोह्यापर्यंत ऑपरेशनची जेवढी टेबलं आहेत, त्या सगळ्यांच्या उशाशी मी कधी ना कधी उभा राहिलेलो आहे. सर्जन पोटाशी उभा असतो, त्याला पेशंट दिसतो. मी उशाशी असतो, मला सर्जन दिसतो. माणसाचे दोन्ही हात दुसऱ्याच्या पोटात गुंतलेले असले, की त्याला सोंग आणता येत नाही. शिव्या देणारे पाहिले, आरत्या म्हणणारे पाहिले, टाके घालताना मुलीच्या लग्नाचा मेनू ठरवणारेही पाहिले. पण तिकीट लावून दाखवावा असा सर्जन एकच पाहिला.

पेणमध्ये त्यांना वीतवाले डॉक्टर म्हणत. कारण सोपं होतं. आजार कुठलाही असो, चिरा वीतभर. अपेंडिक्स असो, पित्ताशय असो, आतड्याला पीळ पडलेला असो, सर आधी हाताचा पंजा पसरून पोटावर ठेवत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेत आणि म्हणत, "चला, दार उघडू या." अंगानं बुटके, पंजे मात्र नांगर धरणाऱ्याचे. टेबल त्यांना उंच पडायचं, म्हणून घरून एक शिसवी पाट आणून ठेवलेला होता. त्या पाटावर उभं राहून ते ऑपरेशन करत. पाट ठेवायचा मान जवळच्या गडब गावच्या सिस्टरांचा. त्या सरांकडे इतकी वर्षं होत्या, की पाट पायानं सरकवताना त्यांना खाली बघावं लागत नसे.

"पोट म्हणजे घर," सर सांगत. "घरात दारातून जायचं. तेसुद्धा सताड उघडून, चार माणसांच्या साक्षीनं. खिडकीतून चोर शिरतात."

या दाराचा पेशंटांनाही अभिमान असे. गडबच्या एखाद्या लग्नात पंगत बसायच्या आधी दोन पुरुष शर्ट वर करून उभे दिसले, तर समजावं, वीतवाल्यांचं काम चाललंय. कुणाचा चिरा लांब याचा निकाल लागतोय. सर स्वतः माणसं चेहऱ्यानं ओळखतच नसत. एकदा पेणच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थानं वाकून नमस्कार केला.

"वळखलं नाय का, सर?"

"चेहरा नाही आठवत. शर्ट वर करा."

त्यानं भर स्टँडवर शर्ट वर केला. सरांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि चेहरा उजळला. "अरे, तुम्ही! आतडं पिळलं होतं. बैलगाडीतून आणलं होतं तुम्हाला. काय म्हणताय? वारा सरला का?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी जागी झाली की नाही, हे त्यावरून कळतं, म्हणून सगळेच सर्जन तो विचारतात. पण खोलीत, हळू. सर मात्र रस्त्याच्या पलीकडून विचारत.

"सर, त्याला लय वर्सं झाली," तो माणूस लाजून म्हणाला. रोह्याची गाडी लागली होती आणि आतली सगळी माणसं खिडकीशी आली होती.

"बरं, बरं. सरत राहू दे."

दर गुरुवारी आम्ही दोघे सरांच्या गाडीनं रोह्याला ऑपरेशनं करायला जायचो. गाडीत टेप नव्हता, कारण सर होते. पेणहून निघालं की नागोठण्यापर्यंत पोटाचं शरीरशास्त्र आणि नागोठण्यापासून रोह्यापर्यंत माझी हजेरी. मला ते निद्रादेवी म्हणत. मी या धंद्यात आलो तेव्हा पेशंटची नाडी बोटानं धरून बसायचो. मग बोटाला लावायचा चिमटा आला. रक्तात प्राणवायू किती आहे, हे त्याला जोडलेल्या यंत्रावर दिसायला लागलं. मला तो अवतार वाटला. सरांना तो पाहुणा वाटला.

"निद्रादेवी, हा चिमटा काय म्हणतो?"

"शंभर टक्के, सर."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मीपण तेच म्हणतो."

"मग दोघांपैकी एकाला घरी पाठव."

असं सगळं झकास चाललेलं असताना समोर दुर्बीणवाले आले.

हे दुर्बीणवाले म्हणजे कुणी परके नव्हेत. सरांचाच जुना असिस्टंट. उंच, शांत, सरांच्या सगळ्या शिव्या पाठ असलेला. मधली काही वर्षं बाहेर शिकून आला आणि सरांच्या हॉस्पिटलासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यानं स्वतःचं हॉस्पिटल काढलं. पोट न उघडता ऑपरेशन. बेंबीपाशी एक भोक, वर तीन बारीक भोकं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. समोर टीव्ही, त्यात बघून आत काम करायचं. आज ऑपरेशन, उद्या पेशंट चालत घरी. सरांचा पेशंट आठवडाभर खाटेवर असायचा आणि त्याच्या उशाशी बसून जेवणाऱ्या नातेवाइकांमुळे हॉस्पिटलाला जत्रेचं रूप आलेलं असायचं. ती जत्रा हळूहळू उठली.

सर बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी बसायला लागले. रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची चाल बघून त्यांचं निदान करायचं, हा नवा उद्योग.

"तो बघ. हर्निया. गेला तिकडे. ती बाई, उजवी बरगडी धरून चाललीय ती. पित्ताशय. गेली."

"सर, ती भाजी घ्यायला गेली."

"येताना जाईल."

मला हसू यायचं आणि मग ते थांबायचं. कारण खिडकीशी बसलेल्या माणसाचे ते भले मोठे पंजे मांडीवर नुसते पडलेले असायचे.

आणि मग एके दिवशी एक पेशंट उलट्या दिशेनं रस्ता ओलांडून आली! कासू गावची बाई, बरोबर नवरा. बाई संतापलेली. दारातूनच सुरू झाली.

"फशिवलं ओ आम्हाला! त्या समोरच्यानं फशिवलं."

सर खुर्चीत ताठ बसले. सिस्टर दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या दिवसांनी नाटकाला रंग चढणार होता.

"काय झालं, बाई?"

"काय झालं इचारता? पित्ताशय काढलं म्हणतात. आन् पोटावर बघा काय हाय! काय नाय! चार मुंग्या चावल्यागत ठिपके. माझ्या जावेचं तुम्हीच केलेलं ना? केवढं लांब हाय तिचं! बारशाला गेली तरी दाखवते. मी काय दाखवू? ऑपरेशन झालंच नाय माझं."

"दुखायचं थांबलं का?"

"ते थांबलं. पन ते गोळीनंबी थांबतं."

नवऱ्यानं खिशातून एक डबी आणि एक पेन ड्राइव्ह काढला. डबीत खडे होते. "खडे दिले त्यांनी," तो म्हणाला. "पन खडे काय, आमच्या अंगणातबी हायेत."

पेन ड्राइव्हमध्ये काय आहे, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. सरांनी तो घेतला आणि बाहेरच्या टीव्हीला लावायला मला सांगितलं. समोरच्याचं पितळ सगळ्यांसमक्ष उघडं पाडण्याची त्यांची तयारी मला चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. टीव्हीवर चित्र आलं.

मी हे ऑपरेशन समोरच्या हॉस्पिटलात पुष्कळदा पाहिलेलं होतं. सरांनी कधीच पाहिलं नव्हतं. बघायला या म्हटलं तर ते चोराच्या घरी जेवायला जात नसत. आता ते बघायला लागले. पडद्यावर यकृत होतं, चकचकीत, ओल्या पाटीसारखं. त्याखाली पित्ताशय. हत्याराचं टोक हळूहळू एकेक पदर बाजूला करत होतं. सर पुढे सरकले. मग उठले. मग टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले.

"थांबव," ते म्हणाले. "मागे घे. हां. आता जाऊ दे."

एका बारीक धमनीवर चित्र आलं होतं. एवढीशी धमनी, पण पडद्यावर दोरखंडाएवढी, आणि ती उडत होती.

"हिला मी आयुष्यभर बोटानं ओळखत आलो," सर म्हणाले. "तोंड आज पाहिलं."

काय झालंय ते सिस्टरांना कळेना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"त्या कोपऱ्यात मी चाचपडत फिरलो रे, निद्रादेवी. कुणीतरी तिथे दिवा लावलाय." मग ते बाईंकडे वळले. "बाई, ऑपरेशन झालंय. फार सुंदर झालंय. माझ्या हातून असं झालं नसतं."

बाई हिरमुसली. "मंग मी लोकांना काय दाखवू?"

"हे दाखवा." त्यांनी पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला.

"व्हय! आन् बारशाला टीव्ही कोन घिऊन जाईल?"

ती गेली आणि सर उठले. चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग. असा प्रसंग सोडायला मी काही संत नाही. आम्ही आत शिरलो तसा दुर्बीणवाला खुर्चीतून असा उठला, की टेबलावरचं पाणी सांडलं.

"शिकवशील?" सरांनी विचारलं.

"सर, मी? तुम्हाला?"

"शिव्या देणार नाही."

"मग मला काही सुचणार नाही, सर."

पण शिकवायचं ठरलं. त्यानं सांगितलं, पेशंटला हात लावायच्या आधी हाताला सवय पाहिजे. हात डावीकडे नेला की आत हत्याराचं टोक उजवीकडे जातं. वर नेला की खाली. डोळे टीव्हीवर, हात भलतीकडे. त्यासाठी सरावाची पेटी मिळते, भोकं पाडलेलं खोटं पोट. मुंबईहून मागवता येईल.

"पेणमध्ये बसून पोट मुंबईहून मागवायचं?" सर कडाडले. "साऱ्या जगाला पोटं पुरवणारं गाव आपलं!"

ते खरंच होतं. दुसऱ्याच दिवशी सर पेणजवळच्या जोहे गावाला गेले. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने. ओळखीच्या एका कारखानदाराला, ज्याचं अपेंडिक्स त्यांनी काढलं होतं, त्यांनी फायबरचं पोट करायला सांगितलं. माणसाचं, आतून पोकळ, खऱ्या मापाचं.

काही दिवसांनी पोट आलं. टेम्पोतून, मांडीवर धरून, वरून नवा रुमाल झाकून. कारखानदार स्वतः घेऊन आला होता. हॉस्पिटलात सगळे जमले. रुमाल काढला.

आतून जे निघालं, ते पोटच होतं, त्यात शंका नाही. पण ते गुलाबी होतं. तुळतुळीत, गरगरीत, सुपात न मावणारं. मधोमध नजर ठरणार नाही अशी रेखीव बेंबी, खाली पिवळ्या पितांबराची निरी आणि कमरेला सोनेरी वेटोळं घालून फणा काढलेला नाग.

"हे काय?" सर म्हणाले.

"पोट," कारखानदार म्हणाला.

"माणसाचं सांगितलं होतं."

"मी मानसाचंच करत होतो, सर. पन हाताला सवय नाय. कंबर वळली की नाग आपोआप येतो." त्यानं जरा मागे सरून पोटाकडे बघितलं. "वाईट झालाय का?"

वाईट कुठलं! त्या पोटाला सोंड तेवढी कमी होती. सिस्टरांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"सिस्टर, हे मॉडेल आहे," सर म्हणाले.

"असंल. सोंड नाय म्हनून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी बेंबीपाशी जास्वंदीचं फूल. सर काढून टाकत, सिस्टर पुन्हा वाहत. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा हातात ड्रिल घ्यायला कुणी तयार होईना. इलेक्ट्रिशियन आला, बघितलं, हात जोडून निघून गेला. शेवटी सिस्टरांनी दारात नारळ वाढवला आणि सरांनी स्वतः पहिलं भोक पाडलं. "माणसांवर इतका घाम फुटला नव्हता मला," ते नंतर म्हणाले.

आता या पोटात सरावाला ठेवायचं काय? दुर्बीणवाला बाहेर शिकत होता तेव्हा त्याला द्राक्षं सोलायला लावली होती. सरांनी ती कल्पना उडवून लावली.

"द्राक्षं नाशिकची. आपल्याकडे वाल आहेत."

आणि इथे या गोष्टीत वहिनी येतात. वहिनी म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. उंच, करारी, आणि पेण तालुक्यात वालाच्या बिरड्याच्या बाबतीत अखेरचा शब्द. ज्यांनी बिरड्याचे वाल सोललेत त्यांना सांगायला नको. भिजवून मोड आणलेला वाल दोन बोटांत धरून दाबायचा. साल सुटली पाहिजे आणि आतली डाळिंबी अख्खी निसटली पाहिजे, मोडासकट. जोर जास्त झाला की दोन फाकी. हे बोटांनी करतानाच माणसाची परीक्षा होते. सर ते हातभर लांबीच्या दांड्यांनी करायला निघाले होते. लंबोदराच्या पोटात, आत खुपसलेल्या मोबाइलचा कॅमेरा करून, टीव्हीत बघत.

पहिल्या दिवशीचा माल वहिनींनी ताटात घेतला, पदर खोचला आणि डोळ्यांशी धरून एकेक दाणा तपासला.

"हा गेला. हाही गेला. ह्याच्या दोन फाकी. हा जिवंत आहे, पण ह्याची साल निघालेली नाही. ह्याला काय झालं? ह्याचं तर पीठ केलंत."

"तो पहिला होता," सर म्हणाले.

"त्याच्या नातेवाइकांना असंच सांगणार का?"

सर मान खाली घालून परत पोटाशी गेले. रोज दुपारी वाल, संध्याकाळी वाल. आणि फुकट कुठे घालवायचे? रोज बिरडं. सरांच्या घरी बिरडं, पेशंटांना बिरडं, सिस्टरांच्या डब्यात बिरडं, गुरुवारी रोह्याला जाताना माझ्या मांडीवर बिरड्याचा डबा. सुरुवातीचं बिरडं म्हणजे नुसता लगदा. मग त्यात फाकी दिसायला लागल्या. मग मधूनच एखादी अख्खी डाळिंबी. जेवता जेवता आम्हाला सरांची प्रगती कळायची. वाल किती वातूळ, हे सांगायला नको. त्या काळात वारा सरला का, हा प्रश्न सरांना कुणालाच विचारावा लागला नाही.

पावसाळा सरला आणि एक दिवस वहिनींनी ताट तपासलं, पुन्हा तपासलं आणि काही न बोलता गॅसवर कढई चढवली. त्या दिवशी सरांनी मला भर रस्त्यात मिठी मारली. पुढे समोरच्या हॉस्पिटलात दुर्बीणवाल्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी खरी ऑपरेशनं करायला घेतली. सोपी सोपी, मोजकी. सिस्टरांनी तिकडे नेलेल्या पाटावर उभे राहून ते टीव्हीत बघत आणि तो धमनीवाला कोपरा आला, की पुटपुटत, "नमस्कार, बाई." मला हेवा वाटायचा. या वयात माणसाला इतकं नवं प्रेम जडतं!

अशातच वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, जेवल्यावर. त्यांनी बरेच दिवस ते बिरड्यावर ढकललं. सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे.

"मुंबईला जाऊ," सर म्हणाले.

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माझं तुम्हीच करायचं."

"सर्जननं घरच्या माणसावर हात चालवू नये."

"आजवर दुसऱ्यांच्या घरच्या माणसांवर चालवलात ना?"

"मग मी माझ्या पद्धतीनं करतो. दार उघडून."

"अजिबात नाही. पावसाळाभर मला वाल तपासायला बसवलंत ते कशासाठी? दुर्बिणीनं. आणि तुम्हीच."

वहिनींच्या म्हणण्याला हॉस्पिटलात अपील नव्हतं. दिवस ठरला. सर वालावर तुटून पडले. आता एकही फाक होत नव्हती. ताटच्या ताट अख्ख्या डाळिंब्या. पण माणूस गप्प झाला. त्या गुरुवारी पेणहून निघालो ते नागोठणं आलं तरी शरीरशास्त्राचा एक शब्द नाही. मला इतकी शांतता सोसत नाही. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात तेच म्हणाले,

"तिला काही झालं तर?"

"काही होणार नाही, सर."

"हे तू सगळ्यांनाच सांगतोस."

"हो, सर."

"मीपण," सर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी टेबलावर अशा झोपल्या, जशा काही आम्हीच पाहुणे. हिरवी टोपी नीट करून घेतली, दिवा तिरका आहे हे सिस्टरांना दाखवलं. सरांना विचारलं, "चष्मा पुसलात का?" मग मान मागे करून माझ्याकडे बघितलं.

"भावोजी, ह्यांच्या हाताची काळजी नाही. मनाकडे लक्ष ठेवा."

"ठेवतो, वहिनी."

"आणि फ्रिजमध्ये वाल भिजवलेले..." इथपर्यंत आल्या आणि झोपल्या.

सिस्टरांनी पाट सरकवला. सर पाटावर चढले. बेंबीपाशी पहिलं भोक त्यांनी केलं, सफाईनं. आत वायू सोडला तसं पोट हळूहळू फुगून वर आलं.

"बाप्पा," सिस्टर पुटपुटल्या. त्यांनी पायांत काही घातलेलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

कॅमेरा आत गेला. तो दुर्बीणवाल्यानं धरला होता. पडद्यावर चित्र आलं. पित्ताशय दिसतच नव्हतं. बरेच दिवस दुखणं बिरड्यावर ढकलल्याचा तो परिणाम. सूज येऊन गेली होती, आजूबाजूची चरबी त्याला घट्ट चिकटून बसली होती. ओळखीचा कोपरा, पण सगळं सामान एकमेकांवर रचून ठेवल्यासारखा.

सरांनी दोन्ही लांब हत्यारं हातात घेतली. हात थरथरत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. टोक चरबीजवळ गेलं आणि थांबलं. यंत्राचं टिक टिक चालू होतं.

"निद्रादेवी, चिमटा काय म्हणतो?"

"शंभर, सर."

"आणि तू?"

"वहिनी छान झोपल्यात, सर."

त्यांनी मान हलवली. मग दुर्बीणवाल्याकडे न बघताच विचारलं, "अशी चिकटलेली तू किती काढलीस रे?"

"मोजली नाहीत, सर."

"माझी मला मोजता येतात," सर म्हणाले. "तेच वाईट आहे."

आणि ते पाटावरून उतरले.

हे वाचताना काही विशेष वाटणार नाही. पण त्या पाटावरून सर अर्ध्या ऑपरेशनात उतरलेले मी कधीच पाहिले नव्हते. वीज गेली, मेणबत्त्या लावल्या, तेव्हाही ते पाटावरच होते. "तू कर," ते म्हणाले. "घर माझ्या ओळखीचं आहे, पण खिडकीतून आत जायची सवय तुला जास्त. आण तो कॅमेरा."

या ऑपरेशनात कॅमेरा धरणं हे सगळ्यांत खालचं काम. सगळ्यांत नव्या माणसाला देतात. सर्जन सांगेल तिकडे दाखवायचं, हलायचं नाही आणि बोलायचं तर त्याहून नाही. दुर्बीणवाला सरांच्या जागी गेला. उंच असल्यामुळे त्याला पाट नकोच होता. सिस्टरांनी खाली न बघता पाट पायानं दुसऱ्या बाजूला सरकवला आणि सर पुन्हा त्यावर चढले, कॅमेऱ्याच्या बाजूला.

"सर, प्लीज, थोडं वर," दुर्बीणवाला म्हणाला.

कॅमेरा थोडा वर गेला.

"प्लीज, थोडं जवळ."

जवळ गेला. हळूहळू त्याचं प्लीज गळून पडलं. "उजवीकडे. अजून. थांबा." सर थांबत. एकेक पदर सुटत होता. त्यानं घाई केली नाही, जोर केला नाही. सालीतून डाळिंबी निसटावी तसं ते पित्ताशय चरबीतून बाहेर येत होतं. अखेर ती धमनी दिसली. वहिनींची. उडत होती, ठोका चुकत नव्हता.

"लेन्सवर वाफ आलीय," सर म्हणाले.

दुर्बीणवाल्यानं पडद्याकडे बघितलं. चित्र काचेसारखं लख्ख होतं. "लेन्स स्वच्छ आहे, सर."

मी उशाशी होतो. मला सर्जन दिसतो, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मी कापूस घेतला, पुढे वाकलो आणि सरांचा चष्मा पुसला. त्यांच्या हातांत मोजे होते, त्यांना स्वतःला पुसता आला नसता. दोन्ही काचा पुसल्या. काचांच्या खालचंही थोडं पुसलं. कॅमेरा तेवढ्यातही हलला नाही.

वहिनी जाग्या झाल्या त्या भांडणाच्याच तयारीनं. पहिल्यांदा हात पोटाकडे गेला. चार बारीक पट्ट्या चाचपून झाल्या.

"चिरा कुठाय?"

"नाही घेतला," सर म्हणाले. पाटावरून उतरलेले, टोपी हातात, खाटेपाशी उभे.

"सगळ्या पेणला वीतभर, आणि बायकोला चिमूटभर?" त्यांनी डोळे नीट उघडले. "तुम्हीच केलंत ना?"

दुर्बीणवाला खिडकीबाहेर बघायला लागला. सिस्टर पट्ट्या मोजायला लागल्या. माझ्याकडे एक सुंदर थाप तयार होती, मी तोंडही उघडलं होतं.

"नाही," सर म्हणाले. "ह्यानं केलं. मी दिवा धरला."

वहिनींनी उशीवरून मान त्यांच्याकडे वळवली.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मध्ये बोललात किती?"

"काहीच नाही, मॅडम," दुर्बीणवाला म्हणाला. "एकदाच. वाफ आली म्हणाले."

"कुठे आली?"

दुर्बीणवाल्यानं माझ्याकडे बघितलं.

"लेन्सवर," मी म्हणालो.

वहिनींनी मला एक नजर दिली, अख्ख्या डाळिंब्या आणि फाकी वेगळ्या करणारी. मग त्या दुर्बीणवाल्याकडे वळल्या.

"म्हणजे ह्यांना इतका वेळ गप्प उभं केलंस तू?"

"हो, मॅडम."

"मग ऑपरेशन मोठंच झालं माझं," वहिनी म्हणाल्या आणि समाधानानं डोळे मिटले.